राउटर कुठं ठेवायचा ते आधी ठरवा

"ताई, प्लॅन वाढवून घेऊ काय?" हा प्रश्न घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात कोणी ना कोणी येतंच. मी उलट विचारते, राउटर ठेवलाय कुठं? मग उत्तरं येतात: टीव्हीच्या मागं, फ्रिजवर, जिन्याखाली, नाहीतर शोकेसच्या कपाटात, कारण बाहेर बरा दिसत नाही. शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा केला तरी कपाटातला राउटर कपाटातच राहणार आणि आतल्या खोलीतलं व्हिडिओ कॉलिंग अडकतच राहणार. तेव्हा पैसे भरायच्या आधी जागा बघा. सेटिंग वगैरे नंतरचं काम, ते अर्ध्या तासात होतं.

फायबर आत घेताना

नवीन जोडणी द्यायला पोरं येतात तेव्हा त्यांना घाई असते. खांबावरून आलेली फायबर जवळच्या खिडकीतून आत, तिथंच भिंतीला फायबरचा डबा (मोडेम), दोन लाइट हिरवे लागले की "झालं काकी" म्हणून निघाली. त्या दिवशी घरात जाणतं माणूस असू द्या आणि डबा कुठं बसवायचा ते त्यांना आधीच दाखवून ठेवा. फायबर दहा-पंधरा मीटर आत ओढायला विशेष काही लागत नाही. नंतर बदलायची म्हटलं की मात्र चार फोन करावे लागतात.

फायबर म्हणजे आत काच. चौकटीच्या कोपऱ्यावर ती काटकोनात दाबू नका, वळण बांगडीएवढं तरी गोल ठेवा. टोकाचा कनेक्टर बहुधा हिरवा असतो; निळ्या कनेक्टरचा घाट वेगळा, हिरव्यात निळा खुपसायचा नाही. उघड्या टोकात डोकावून तर बघूच नका, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण असतो. बसवणाऱ्याकडं छोटा पॉवर मीटर असतो, त्यावरचा आकडा विचारा. उणे १८ ते उणे २४ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आसपास असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडं गेला तर आज नेट चालेल, पण पावसाळ्यात रडेल. तेव्हाच जोड परत मारून घ्या.

डब्यावर 'लॉस' (LOS) नावाचा लाल लाइट लुकलुकायला लागला तर राउटर बंद-चालू करत बसू नका. तो लाइट म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. गणपतीच्या आगमनाला उंच मूर्तीसाठी काठ्यांनी वायरी उचलतात, झाडाची फांदी पडते, कुठंतरी फायबर तुटते. ते कंपनीचं काम, तक्रार नोंदवा आणि मोबाइल डेटावर या.

भिंत, स्लॅब आणि भांड्यांची मांडणी

आपल्याकडं दोन तऱ्हेची घरं. पेठांतली जुनी: पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परडं, खाली काळा दगड आणि वर हातभर जाडीच्या भिंती. दुसरी नव्या कॉलन्यांतली: पातळ विटांच्या भिंती, पण मजल्यांच्या मध्ये सळ्यांचा स्लॅब. जुन्या घरात सिग्नल आडवा मरतो, नव्या बंगल्यात उभा.

शिवाजी पेठेतल्या एका घरी मोजलेले आकडे सांगते. राउटर सोप्यात होता. तिथं फोनवर पाच गिगाहर्ट्झचा (वायफायच्या दोन बँडांतल्या वेगवान बँडचा) सिग्नल उणे ४० डीबीएम. माजघरात उणे ६२. स्वयंपाकघराच्या दारात उणे ८१, आणि आत पाऊल टाकलं की नावच दिसेनासं झालं. हे आकडे बघायला अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर जातीचं कुठलंही फुकटचं अ‍ॅप चालतं. शून्याच्या जितका जवळ आकडा तितकं चांगलं. उणे ६५ पर्यंत सगळं नीट चालतं, उणे ७५ च्या पुढं चेहरे गोठायला लागतात. दर दहाच्या फरकाला सिग्नल एक दशांश होतो, म्हणजे उणे ४० आणि उणे ६० यांत दुपटीचा नव्हे, शंभरपटीचा फरक आहे.

त्या घरात राउटर माजघराच्या दाराच्या वर सहा फुटांवर नेला, जिथून सोप्याकडं आणि स्वयंपाकघराकडं दोन्ही दारं सरळ रेषेत येतात. भिंतीतून जाता येत नसेल तर सिग्नल दारातून जातो. स्वयंपाकघरात उणे ६७ मिळाला. प्लॅन तोच, राउटर तोच.

एक गोष्ट मात्र तिथंही आड आलीच: स्टीलच्या भांड्यांची मांडणी. अख्ख्या भिंतीवर डबे, ताटं, तांबे, पातेली चमकत होती. धातूचा एवढा पत्रा मध्ये आला की त्याच्या मागं सिग्नलची सावली पडते. मावशींना मांडणी हलवा म्हणायची माझी हिंमत नव्हती. फोन ओट्याच्या त्या टोकाला न ठेवता या टोकाला ठेवायचा, असं ठरलं. लोखंडी कपाट, आरशाचं वॉर्डरोब, फ्रिज, माशांची टाकी आणि पाण्याची टाकी हेही याच जातीचे शत्रू. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झवरचं नेट डचमळतं, ते वेगळंच.

म्हणून भिंतीला भोक पाडायच्या आधी हे करा. एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, राउटर स्टुलावर ठेवा आणि दोन-तीन जागी चालू करून बघा. दरवेळी फोन घेऊन घरभर फिरा. दारं रात्री असतात तशी लावून घ्या, नाहीतर दुपारी सगळं झकास आणि रात्री ओरड. ज्या जागी सगळ्यात लांबची खोली उणे ७० च्या आत येते ती जागा पक्की. उंची माणसाच्या डोक्याच्या वर असू द्या.

अँटेना सगळ्या सरळ उभ्या ठेवायची सवय असते. उभ्या अँटेनाचा सिग्नल चहूकडं आडवा पसरतो, डोक्यावर आणि पायाखाली कमी. घर एकमजली असेल तर ठीकच आहे. वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघा, आणि राउटर जिन्याच्या तोंडाशी आणा, कारण स्लॅबमधली एकमेव फट तीच.

शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी अशा भागांत तळमजल्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पाणी घरात आलं होतं. तिथं डबा, अ‍ॅडॅप्टर आणि प्लगपॉइंट तिन्ही उंचावर घ्या. कुठली वायर कुठं आहे याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे घाईत सगळं उचलून वर नेलं तरी परत जोडताना डोकं धरून बसावं लागत नाही.

जे जागचं हलत नाही त्याला वायर

टीव्ही, डेस्कटॉप, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर ही मंडळी जागची हलत नाहीत. त्यांना केबल द्या आणि हवेतली जागा फोनांसाठी मोकळी ठेवा. रविवारी शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच टीव्हीवर लावली आणि घरातले चार फोनही त्याच वायफायवर असले तरी टीव्ही वायरवर असला की गोल अडकत नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असताना गोल अडकला तर काय होतं ते मी सांगायला नको.

केबल कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते. ती वाकवली की आत तुटते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर मीटरची मर्यादा आहे, घरात ती कधी लागत नाही. लाइटच्या वायरी ज्या पाइपातून जातात त्यातून ही ओढू नका, वेगळी पट्टी मारा.

आता एक खूण लक्षात ठेवा: ९४. प्लॅन दोनशेचा आहे, वायरवर स्पीड टेस्ट केली आणि आकडा ९३-९४ ला जाऊन चिकटला, काही केल्या वर सरकेना. हे कंपनीचं पाप नाही. केबलमध्ये आठ वायरी असतात. शंभरच्या वेगाला चार पुरतात, त्याच्या वर जायचं तर आठही लागतात. त्या जादाच्या चारांतली एखादी जरी नीट दाबली गेली नसेल तरी दोन्ही टोकं शंभरवर तडजोड करतात, आणि शंभरातला वाहतुकीचा खर्च वजा जाता हातात ९४ उरतात. जॅक कापून परत मारायचा. क्लिप खाली आणि टोक आपल्यापासून लांब धरून डावीकडून रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. क्रिम्पर (जॅक दाबायचं हत्यार) नसेल तर कुठल्याही दुकानात पाच मिनिटांचं काम आहे. जॅक बदलूनही ९४ च येत असेल तर राउटरचे पोर्टच शंभरचे आहेत. स्वस्त राउटरच्या खोक्यावर '१२००' छापलेलं असतं आणि मागचे पोर्ट शंभरचे असतात. घेताना 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द शोधा, अँटेना मोजू नका.

घरात दोन डबे असतील तर

फायबरच्या डब्यातच हल्ली वायफाय असतं. त्याला स्वतःचा राउटर जोडला की दोन मालक होतात. दोघंही फोन-प्रिंटरना आपापले पत्ते, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, वाटतात. मग फोनला एकाचा पत्ता, प्रिंटरला दुसऱ्याचा, आणि प्रिंट काही निघत नाही. कंपनीला फोन करून त्यांचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा. मग तो फक्त प्रकाशाचं इंटरनेट करून देतो आणि बाकी कारभार तुमचा राउटर बघतो. कंपनी तयार नसेल तर तुमचा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. काहीही करा, पण पत्ते वाटणारा एकच ठेवा.

सेटिंग

लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका, नक्की कुठला ते राउटरच्या पोटाखाली चिकटवलेलं असतं. लॅपटॉप नसेल तर राउटरच्या कंपनीचं अ‍ॅप चालतं.

इंटरनेटचा प्रकार विचारला की बहुतेक ठिकाणी पीपीपीओई निवडून कंपनीनं दिलेला युजर आयडी आणि पासवर्ड टाकायचा असतो. काहींकडं 'ऑटोमॅटिक'वर चालतं. कधी कधी सगळं बरोबर भरूनही नेट येत नाही, कारण कंपनीनं जुन्या राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. फोन करून नवीन राउटर नोंदवून घ्या.

लगेच करायच्या गोष्टी: राउटरच्या आत शिरायचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आलेलं असेल तर टाका. डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडायची सोय) बंद. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरमध्ये शिरायची सोय) बंद. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए३, आणि जुना फोन किंवा टीव्ही जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ व ३ मिश्र. डब्ल्यूईपी नावाचा जुना प्रकार दिसला तर त्याला हातही लावू नका, तो काही मिनिटांत फुटतो.

वायफायचा पासवर्ड. इथं कोल्हापूरकरांचा भक्तिभाव आड येतो. जोतिबा१२३, अंबाबाई१०८, नाहीतर आपल्या तालमीचं नाव आणि पुढं गाडीचा नंबर. गल्लीतलं शेंबडं पोरगंही पहिल्या दहांत हे ओळखतं. चार असंबद्ध शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, मिसळ-छत्री-नांगर-खिडकी असं काहीतरी. लांब असतं, सांगायला सोपं, आणि कोणाच्या डोक्यात येत नाही. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं चालू करा, लग्नाघरी तर नक्कीच. स्वस्तातले स्मार्ट बल्ब आणि कॅमेरेही त्यातच टाका.

बँड आणि चॅनल

२.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती त्यातल्या त्यात ओलांडतो, पण गर्दीचा आणि संथ. पाच गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत बघितली की थबकतो. राउटर दोन्हींना एकच नाव देऊ पाहतो. फोनांना ते चालतं. मात्र कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब बहुधा २.४ वरच चालतात आणि एकच नाव असलं की जोडताना त्रास देतात. तेवढ्या वेळापुरतं पाच बंद करा, जोडून झालं की परत चालू.

२.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधलं ३ किंवा ८ घेतलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट अंगावर येतो. राजारामपुरीतल्या कुठल्याही अपार्टमेंटमध्ये अ‍ॅनालायझर उघडा, पडदा नावांनी भरून जातो. तिन्हींत जिथं कमी गर्दी ते घ्या. पाच गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं घ्या, रुंदी ८०. मधल्या ५२ ते १४४ चॅनलांवर राउटरला रडारसाठी कान देऊन थांबावं लागतं आणि काही टीव्हींना ती दिसतच नाहीत. देश 'इंडिया' निवडलेला आहे ना, तेवढं बघा.

जुना राउटर फेकू नका

वरच्या मजल्यावर किंवा परड्यातल्या खोलीत सिग्नल पोचतच नसेल तर लोक प्लगमध्ये खोचायचा एक्स्टेंडर आणतात. तो बिचारा अर्धा वेळ ऐकतो, अर्धा वेळ बोलतो, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. शिवाय जिथं मुळातच सिग्नल मेलेला आहे तिथं लावला तर वाढवणार काय? मेश (एकमेकांना जोडून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे) छान असतं, पण दगडी भिंतीआडून हवेतून जोडलं तर तेही हरतं. माझं मत साधं आहे: एक केबल ओढा आणि जुना राउटर दुसऱ्या टोकाला लावा.

करायचं असं. जुना राउटर आधी रिसेट करा, मागचं बारीक भोक पिनेनं दहा सेकंद दाबून. लॅपटॉप फक्त त्यालाच जोडा. त्याच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर हातानं करावं लागतं. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच द्या, अगदी स्पेलिंगसह, आणि चॅनल वेगळं. खाली १ असेल तर वर ६. मग डीएचसीपी बंद करा, म्हणजे तो पत्ते वाटणार नाही. शेवटी त्याचा स्वतःचा पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या आणि मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीतून .२ वगळा. आता खालून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचा. वॅनमध्ये नाही. तो निळा किंवा पिवळा एकटा पोर्ट असतो ना, तो रिकामाच राहू द्या. दहातले आठ जण इथं चुकतात आणि "ताई, दिसतंय पण नेट नाही" म्हणून फोन करतात.

जिना चढताना फोन आपोआप वरच्या राउटरवर उडी मारतो. लगेच मारत नाही, काही फोन हट्टी असतात आणि खालचा सिग्नल मरेपर्यंत सोडत नाहीत. दोन्हीकडची पाठवायची ताकद 'हाय'वरून 'मीडियम'वर आणली की हट्ट कमी होतो.

लाइट गेली तर

लाइट गेल्यावर फायबर चालू असते, डबा बंद पडतो. मिनी यूपीएस घ्या. अ‍ॅडॅप्टरवर काय छापलंय ते आधी वाचा: बहुतेक १२ व्होल्ट, काही ९ व्होल्ट. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा द्या, एकट्या राउटरला दिला तर वायफाय दिसेल आणि नेट नसेल.

एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडतात तेव्हा अ‍ॅडॅप्टर प्लगमधून काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण तिला आधाराला लोखंडी तार असते आणि घरातली लाइटची वायरिंग तर असतेच. याच कारणासाठी शेजारच्या भावाच्या घरापर्यंत गच्चीवरून तांब्याची लॅन केबल टाकू नका. पावसाळ्यात दोन्हीकडचे पोर्ट जळालेले दरवर्षी दुकानात येतात. तिथं फायबर टाका किंवा भावाला वेगळी जोडणी घेऊ द्या.

सगळं झाल्यावर रात्री नऊच्या सुमाराला, घरोघरी टीव्ही चालू असताना, आधी लॅपटॉप केबलनं जोडून स्पीड टेस्ट करा, मग फोन घेऊन सगळ्यात आतल्या खोलीत. लक्षात ठेवा, शंभर एमबीपीएस म्हणजे फाइल उतरताना सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट दिसणार, तो वेग कमी नाही. केबलवर आकडा बरोबर आणि खोलीत कमी असेल तर दोष घरातला, जागा परत बघा. केबलवरच कमी असेल तर कंपनीला फोन लावा आणि "नेट स्लो आहे" एवढंच न म्हणता "केबलवर नऊ वाजता एवढा आकडा येतोय" असं सांगा. तिकडचा माणूस मग राउटर बंद-चालू करा म्हणत नाही. ग्राहक क्रमांक आणि पीपीपीओईचा आयडी एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीजवळ चिकटवा. फोनमध्ये ठेवला तर नेमका नेट नसतानाच तो सापडत नाही.